‘ॲक्सेस डिनाइड’: पण नाही म्हटलं कोणी?

रावेरकडच्या एखाद्या केळी खरेदी केंद्राचं चित्र डोळ्यासमोर आणा. ट्रक भुईकाट्यावर चढतो, काट्याला जोडलेल्या कॉम्प्युटरवर वजन उमटतं, पावती निघते. संध्याकाळी शेतकरी घरी बसून केंद्राची वेबसाइट उघडतो, पावतीचा नंबर टाकतो आणि नवतीचा (नव्या लागवडीचा) माल किती क्विंटल भरला, पिलबागेचा (खोडव्याचा) किती, वापसीत किती गेला आणि आज भाव काय लागला ते बघतो. वेबसाइट ऑफिसातल्या सर्व्हरवर आहे, काट्याचा प्रोग्राम गेटाजवळच्या मशीनवर. दोन्ही जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले. वेबसाइट टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर चालते आणि वजन हवं असलं की काट्याच्या मशीनवरची मेथड, म्हणजे प्रोग्रामातलं एक ठरलेलं काम, लांबूनच बोलावते. जावात या सोयीला रिमोट मेथड इन्व्होकेशन, थोडक्यात आरएमआय म्हणतात. १९९७ च्या जावा १.१ पासून ती आहे आणि जुन्या सरकारी, सहकारी, कारखान्यांच्या सिस्टिम्समध्ये अजूनही मुकाट चालू असते.

आता नेहमीचा घोळ. प्रोग्रामर लॅपटॉपवर चार ओळींचा छोटा प्रोग्राम लिहून बघतो, वजन येतं. तोच कोड सर्व्हलेटमध्ये (टॉमकॅटवर चालणाऱ्या, वेब पान तयार करणाऱ्या जावा कोडमध्ये) टाकून टॉमकॅटवर चढवला की पान पाचशे नंबरची एरर दाखवतं आणि लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ओळ असते: ॲक्सेस कंट्रोल एक्सेप्शन, ॲक्सेस डिनाइड, सॉकेट परमिशन, १९२.१६८.१.२०:१०९९, कनेक्ट, रिझॉल्व्ह. (मधला आकडा म्हणजे काट्याच्या मशीनचा पत्ता, आणि कोलननंतर पोर्ट, म्हणजे त्या मशीनच्या दाराचा नंबर.) मग फायरवॉल (नेटवर्कची ये-जा अडवणारा पहारा) बंद करून बघ, काट्याचा प्रोग्राम ॲडमिन म्हणून चालवून बघ, दोन्ही मशीन रीस्टार्ट कर, असं सुरू होतं. यातलं काहीच लागू पडत नाही. ‘नाही’ म्हणणारा कोण आहे हेच अजून विचारलेलं नसतं.

(लेखातली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलीत टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंगच घालायचं, आणि लहान-मोठ्या अक्षरांसकट.)

एक कॉल, दोन दारं

आरएमआयच्या कॉलला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात वेबसाइट रजिस्ट्रीकडे जाते. रजिस्ट्रीचा ठरलेला पोर्ट १०९९. मार्केट यार्डाच्या गेटवरच्या वॉचमनला ‘काटा कुठंय’ विचारलं की तो बोट दाखवतो, वजन काही तो करत नाही. रजिस्ट्री तशीच आहे. ती हातात एक चिठ्ठी देते, तिला स्टब म्हणतात. त्या चिठ्ठीत काट्याच्या ऑब्जेक्टचा आयपी पत्ता आणि पोर्ट लिहिलेला असतो. दुसऱ्या टप्प्यात वेबसाइट त्या पत्त्यावर वेगळं कनेक्शन जोडते आणि खरी मेथड तिथे चालते.

हा दुसरा पोर्ट १०९९ नसतो. प्रोग्रामरने सांगितला नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिम जो मोकळा दिसेल तो देते. लिनक्सवर सहसा ३२७६८ ते ६०९९९ मधला कुठलाही. काट्याचा प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की पोर्ट बदलतो. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, गेटाजवळचं मशीन बंद पडलं, लाइट आल्यावर आपोआप चालू झालं, आणि सकाळी नीट चाललेली वेबसाइट संध्याकाळी ‘नाही’ म्हणते. कोडला कुणी हात लावलेला नसतो. फायरवॉलमध्ये आणि परवानग्यांमध्ये फक्त १०९९ लिहिणाऱ्यांच्या वाट्याला हे हमखास येतं.

आणखी एक बारकावा, कारण इथे बरेच जण फसतात. कोडातली गेट-रजिस्ट्री ही ओळ कधीच फसत नाही, कारण ती नेटवर्कवर जातच नाही, फक्त पत्ता लक्षात ठेवते. खरं पहिलं कनेक्शन लुकअप करताना, म्हणजे रजिस्ट्रीकडे नाव विचारताना, जोडलं जातं. आणि फायरवॉल पाकिटं (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे) मुकाट गिळत असेल तर लुकअपच मिनिटभर लटकून राहू शकतो, जरी १०९९ उघडा असला तरी. कारण स्टब हाती येताक्षणी ‘हे ऑब्जेक्ट मी वापरतोय, फेकू नका’ अशी नोंद करायला आरएमआय आपणहून दुसऱ्या पोर्टवर धावतं. लुकअप अडकला म्हणून रजिस्ट्रीला दोष देण्याआधी हे आठवावं.

नकार वाचायला शिका

‘नाही’ म्हणणारे निदान चार जण असू शकतात, आणि प्रत्येकाची भाषा वेगळी असते.

कनेक्शन रिफ्यूज्ड आलं तर त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर कुणी ऐकत बसलेलं नाही, किंवा फायरवॉलने तोंडावर नकार दिला आहे. जावाच्या परवानग्यांचा इथे संबंध नाही. कनेक्शन टाइम्ड आउट म्हणजे पाकीट वाटेत गिळलं गेलं. बहुतेक फायरवॉलच, क्वचित चुकीचा आयपी. परमिशन डिनाइड हे शब्द ऑपरेटिंग सिस्टिमचे. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर एसई-लिनक्स या सुरक्षा यंत्रणेने टॉमकॅटला बाहेर जाऊ दिलं नाही की हे दिसतं. तेव्हा ऑडिट लॉगमध्ये एव्हीसी अशी ओळ सापडते. आणि ॲक्सेस डिनाइड हे जावाच्या आतल्या चौकीदाराचे शब्द. त्याला सिक्युरिटी मॅनेजर म्हणतात. इथे पाकीट मशीनच्या बाहेर पडलेलंच नसतं, म्हणून फायरवॉल बंद करून काय होणार?

‘परमिशन डिनाइड’ आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ यांचा मराठीत अर्थ एकच, पण लॉगमध्ये ही दोन वेगळी खाती आहेत.

चौकीदाराचा नकार आणखी एका कारणाने लपतो. जावात अडचण आली की ती एक्सेप्शन म्हणून फेकली जाते आणि कोडने ती पकडायची असते. नेटवर्कच्या अडचणी रिमोट एक्सेप्शन म्हणून येतात, आणि प्रोग्रामरने तेच पकडलेलं असतं. ॲक्सेस कंट्रोल एक्सेप्शन त्या कुळातलं नाही. ते रनटाइम एक्सेप्शन आहे, त्यामुळे ते पकडणाऱ्या कोडला चकवून थेट पाचशेच्या पानापर्यंत जातं. याहून वाईट म्हणजे सगळीच एक्सेप्शन्स पकडून ‘काटा सध्या बंद आहे’ असं गोड वाक्य छापणारा कोड. शेतकरी फोन करतो, काटेवाला म्हणतो काटा चालूच आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. पकडा, पण मूळ एक्सेप्शन लॉगमध्ये पूर्ण उतरवा.

पाचवी शक्यता सगळ्यात फसवी. ॲक्सेस डिनाइड आलं आहे, पण ते वेबसाइटच्या मशीनवरचं नाहीच! काट्याच्या मशीनवर मेथड चालताना तिकडच्या चौकीदाराने, समजा, वजनाची फाइल वाचू दिली नाही, तर ते रनटाइम एक्सेप्शन जसंच्या तसं तारेवरून इकडे येतं आणि इकडच्या लॉगमध्ये छापलं जातं. दिसायला अगदी घरचं. ओळखायची खूण स्टॅक ट्रेसमध्ये (कोणी कोणाला बोलावलं याच्या लॉगमधल्या यादीत) असते: स्ट्रीम-रिमोट-कॉल या क्लासमधली ‘एक्सेप्शन-रिसीव्ह्ड-फ्रॉम-सर्व्हर’ नावाची ओळ. ती दिसली की तिच्या वरचा भाग पलीकडच्या मशीनचा आहे, आणि इथली पॉलिसी, म्हणजे चौकीदाराची नियमांची फाइल, कितीही सैल केली तरी उपयोग शून्य.

चौकीदार काय बघतो

लॅपटॉपवर चालतं आणि टॉमकॅटवर नाही, याचं कारण आता सरळ आहे. लॅपटॉपवरच्या प्रोग्रामला चौकीदारच नव्हता. टॉमकॅट मात्र डॅश-सिक्युरिटी हा पर्याय देऊन सुरू केलेला असला, किंवा डेबियन-उबंटूच्या जुन्या पॅकेजमध्ये टॉमकॅट-सिक्युरिटी हे सेटिंग ‘यस’ असलं, की कॉन्फ फोल्डरमधली कॅटलिना डॉट पॉलिसी ही फाइल लागू होते. त्या फाइलीत तुमच्या ॲप्लिकेशनला मुळात फारच थोडं मिळतं, आणि बाहेर कनेक्शन जोडण्याचा हक्क तर त्यात नसतोच.

जावा १.२ मध्ये, म्हणजे १९९८ च्या अखेरीस, ही पॉलिसी फाइलवाली पद्धत आली. तिचा मूळ प्रश्न ‘कोणता माणूस लॉगिन आहे’ हा नाही. प्रश्न आहे: हा कोड कुठून लोड झाला? प्रत्येक क्लास (कोडचा एक तुकडा) कोणत्या फोल्डरातून किंवा कोणत्या जार फाइलीतून (क्लासच्या गाठोड्यातून) आला ते जावा लक्षात ठेवतं, आणि हक्क त्या ठिकाणाला चिकटतात.

त्यामुळे पॉलिसीतल्या एका नोंदीचे दोन भाग पडतात. वर ग्रँट, त्याच्यापुढे कोडबेस म्हणजे ठिकाण. आत महिरपी कंसात परमिशन, तिचा प्रकार, लक्ष्य आणि कृती. आपल्या उदाहरणात कोडबेस: फाइल, कोलन, डॉलर-महिरपीत कॅटलिना डॉट बेस (टॉमकॅटचं मूळ फोल्डर), मग वेबॲप्स, मग ॲप्लिकेशनचं फोल्डर, आणि शेवटी तिरकी रेघ व डॅश. आत सॉकेट परमिशन, लक्ष्य १९२.१६८.१.२०:१०९९, कृती कनेक्ट. कनेक्ट दिलं की रिझॉल्व्ह, म्हणजे नावावरून पत्ता शोधायचा हक्क, आपोआप येतो.

शेवटच्या त्या एका अक्षरावर तास जातात, म्हणून नीट सांगतो. कोडबेसच्या शेवटी नुसती तिरकी रेघ दिली तर त्या फोल्डरातले क्लास फक्त, जार नाहीत. रेघ आणि फुली (*) दिली तर त्याच फोल्डरातले क्लास आणि जार दोन्ही, पण आतली फोल्डरं नाहीत. रेघ आणि डॅश दिला तर आतलं सगळं, खोलवर. वेब ॲप्लिकेशनचा कोड वेब-इन्फच्या आत क्लासेस आणि लिब अशा दोन ठिकाणी विभागलेला असतो, म्हणून डॅशच लागतो. विंडोजवर असलात तरी रेघ पुढे झुकलेलीच हवी, कारण हा फाइलचा मार्ग नसून यूआरएल आहे.

दुसरी हमखास चूक अर्धविरामाची. परमिशनच्या ओळीनंतर तो राहिला की जावा सुरू होताना ‘एरर पार्सिंग’ अशी एक ओळ कॅटलिना डॉट आउटमध्ये टाकतं आणि ती फाइलच सोडून देतं. मग काल चालणाऱ्या गोष्टीसुद्धा आज ॲक्सेस डिनाइड. पॉलिसी बदलल्यावर एकाच वेळी सगळं कोसळलं तर आधी लॉगच्या अगदी वरच्या ओळी बघा. आणि पॉलिसी सुरू होतानाच वाचली जाते, ॲप्लिकेशन नुसतं रीलोड करून भागत नाही, टॉमकॅटच पुन्हा सुरू करावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. चौकीदार फक्त कनेक्शन उघडणाऱ्या क्लासकडे बघत नाही. त्या क्षणी एकमेकांना बोलावत आलेली जी पूर्ण साखळी आहे, तिच्यातल्या प्रत्येकाकडे तो हक्क मागतो. सर्व्हलेटने काट्याच्या लायब्ररीला बोलावलं, लायब्ररीने आरएमआयला. लायब्ररीच्या जारला परवानगी आहे, सर्व्हलेटला नाही, तर उत्तर ‘नाही’. बैलगाडी पुलावरून न्यायची तर दोन्ही बैलांनी पाय टाकला पाहिजे, एकाने टाकून चालत नाही. ‘मी तर जारला परवानगी दिली आहे’ ही तक्रार इथूनच येते.

साखळीतल्या कुणामुळे अडलं हे अंदाजाने शोधू नका. कॅटलिना-ऑप्ट्समध्ये (टॉमकॅट सुरू करताना जावाला द्यायच्या पर्यायांत) जावा डॉट सिक्युरिटी डॉट डीबग या प्रॉपर्टीला ‘ॲक्सेस, फेल्युअर’ ही किंमत द्या. लॉगमध्ये ‘डोमेन दॅट फेल्ड’ असं लिहून ज्याच्याकडे हक्क नव्हता त्याचा पूर्ण मार्ग छापला जातो. तोच मार्ग कॉपी करून कोडबेसशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा. काम झालं की ही प्रॉपर्टी लगेच काढा, नाहीतर लॉग डिस्क भरून टाकेल.

दुसऱ्या पोर्टाचं काय

१०९९ ची परवानगी दिल्यावर लुकअप पार पडतो आणि पहिल्या मेथडला पुन्हा ॲक्सेस डिनाइड, आता पोर्ट ४१८३७ किंवा असाच काही. बरेच लोक इथे लक्ष्यात ‘१०२४-’ लिहून मोकळे होतात, म्हणजे त्या मशीनवरचा १०२४ पासून वरचा प्रत्येक पोर्ट. चालतं खरं. पण काट्याच्या मशीनवर उद्या डेटाबेस आला तर वेबसाइटला तोही मोकळा.

त्यापेक्षा पोर्ट बांधून टाका. काट्याच्या प्रोग्राममध्ये एक्सपोर्ट-ऑब्जेक्ट या मेथडला दुसरा आर्ग्युमेंट (मेथडला द्यायची किंमत) म्हणून शून्याऐवजी ठरलेला आकडा द्या, समजा ११००. रजिस्ट्री त्याच प्रोग्राममधून, त्याच जावात सुरू केलेली असेल आणि सॉकेट फॅक्टरी (कनेक्शन तयार करणारा कोड) वेगळ्या नसतील, तर ऑब्जेक्टलाही १०९९ च दिलेला चालतो. मग फायरवॉलमध्ये एक ओळ, पॉलिसीत एक ओळ. लाइट जाऊन आली तरी पोर्ट तोच. दहा मिनिटांचं काम आहे आणि यासारखा फायद्याचा बदल या अख्ख्या विषयात दुसरा नाही.

पोर्ट बांधूनही नकारात १२७.०.१.१ असा पत्ता दिसला तर गोंधळू नका. वेबसाइट हा पत्ता कुठून आणते? चिठ्ठीतून. डेबियन आणि उबंटू होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं स्वतःचं नाव १२७.०.१.१ ला बांधून ठेवतात. काट्याच्या जावाने ‘माझा पत्ता काय’ विचारलं, तेच उत्तर मिळालं, तेच स्टबमध्ये लिहिलं गेलं. १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं मशीन, म्हणून वेबसाइट ती चिठ्ठी घेऊन स्वतःच्याच मशीनवर काटा शोधते. पॉलिसी नसेल तर कनेक्शन रिफ्यूज्ड, असेल तर ॲक्सेस डिनाइड. उपाय पलीकडे करायचा: काट्याच्या जावाला सुरू करतानाच जावा डॉट आरएमआय डॉट सर्व्हर डॉट होस्टनेम ही प्रॉपर्टी १९२.१६८.१.२० अशी द्या. ही प्रॉपर्टी टॉमकॅटला देऊन वाट बघत बसणारे पुष्कळ असतात. इथे १२७.०.१.१ ला परवानगी देणं हा तर निव्वळ चुकीच्या पत्त्याला दिलेला पास.

सर्व्हलेटमधून चौकीदार बसवू नका

जुन्या आरएमआय ट्यूटोरियल्समध्ये पहिलीच ओळ असायची: सिस्टिमला नवा आरएमआय सिक्युरिटी मॅनेजर बसवा. साध्या प्रोग्रामात ती ठीक होती. सर्व्हलेटमध्ये तीच ओळ टाकणं म्हणजे भाडेकरूने अख्ख्या चाळीच्या गेटाला कुलूप लावणं, कारण एका जावा प्रोसेसमध्ये सिक्युरिटी मॅनेजर एकच असतो. टॉमकॅट पॉलिसीशिवाय चालत होता, एका सर्व्हलेटने मॅनेजर बसवला, आणि त्याच टॉमकॅटवरची बाकीची सगळी ॲप्लिकेशन्स फाइल वाचता येईना म्हणून पडली. कधी पडली? त्या सर्व्हलेटला पहिला माणूस भेट देईपर्यंत सगळं नीट होतं. असा दोष शोधायला दिवस जातो. टॉमकॅट आधीच पॉलिसीखाली असेल तर ही ओळ स्वतःच ॲक्सेस डिनाइड खाते, सेट-सिक्युरिटी-मॅनेजर या हक्कासाठी.

लोक ही ओळ का टाकतात तेही समजून घ्यायला हवं. क्लास-नॉट-फाउंडसोबत लॉग म्हणतो: ‘नो सिक्युरिटी मॅनेजर, आरएमआय क्लास लोडर डिसेबल्ड’. वाचणाऱ्याला वाटतं मॅनेजर नाही हाच रोग. खरा रोग बहुतेक वेळा असा की काट्याचा इंटरफेस क्लास (कोणत्या मेथड बोलावता येतात त्याची यादी) वेबसाइटच्या वेब-इन्फ-लिबमध्ये टाकलेलाच नाही. जावाला तो जवळ सापडला नाही, लांबून नेटवरून आणायचा तर मॅनेजरशिवाय ते बंद, एवढंच तो संदेश सांगतो. इंटरफेसची जार इकडे ठेवा, प्रश्न मिटतो. फक्त एकाच ठिकाणी ठेवा. टॉमकॅटच्या सामायिक लिबमध्ये एक आणि ॲप्लिकेशनमध्ये एक अशी दोनदा ठेवली तर दोन्ही नावं सारखी असूनही ‘कास्ट होत नाही’ अशी विचित्र एरर येते. लांबून क्लास उतरवून घेणं तर विसराच. जावा ७ च्या अपडेट २१ पासून, म्हणजे २०१३ पासून, तसं करणं मुळातच बंद ठेवलेलं आहे, आणि बरंच झालं.

हक्क तारेवरून जात नाहीत

वेबसाइटला पॉलिसीत कितीही कमी किंवा जास्त हक्क असोत, काट्याच्या मशीनला त्याचा पत्ता नसतो. पलीकडे मेथड चालते ती ऑब्जेक्ट एक्सपोर्ट करताना तिथल्या कोडला जे हक्क होते त्यांच्या बळावर. बोलावणारा कोण, हे आरएमआय आपणहून सांगत नाही. गेट-क्लायंट-होस्ट ही मेथड आयपी देते, पण आयपी म्हणजे ओळख नव्हे. त्याच ऑफिसातला दुसरा कॉम्प्युटर किंवा वायफायवर आलेला पाहुणा १०९९ पर्यंत पोचला तर रजिस्ट्रीतली नावांची यादी मागू शकतो आणि मेथडही बोलावू शकतो. रजिस्ट्री दुसऱ्या मशीनवरून नवीन नाव लावू देत नाही, ‘नॉन-लोकल होस्ट’ म्हणून नाकारते. वाचायला आणि बोलवायला मात्र मोकळी.

म्हणून ‘पावतीचं वजन सांग’ आणि ‘पावती रद्द कर’ या दोन मेथड एकाच इंटरफेसमध्ये कोंबू नयेत. वाचायचं ऑब्जेक्ट वेगळं, फेरफाराचं वेगळं, दोघांचे पोर्ट वेगळे. वेबसाइटच्या मशीनला फक्त पहिल्याचा पोर्ट उघडा. त्यावर टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) चढवायचं तर जावातच सोय आहे: एसएसएल-आरएमआय-सर्व्हर-सॉकेट-फॅक्टरी, आणि तिला क्लायंट सर्टिफिकेट सक्तीचं असं सांगायचं. रजिस्ट्रीलाही तीच फॅक्टरी द्या, नाहीतर मागचं दार कुलूपबंद आणि पुढचं सताड उघडं.

येणाऱ्या ऑब्जेक्ट्सचीही चाळणी हवी, कारण आरएमआय आर्ग्युमेंट्स उलगडतानाच हल्ला होऊ शकतो, मेथडची पहिली ओळ चालायच्या आधी. जावा ९ मध्ये आलेले आणि २०१७ च्या जानेवारीत जावा ८ अपडेट १२१ मध्येही दिलेले सिरियलायझेशन फिल्टर त्यासाठी आहेत. आपल्या पॅकेजचे आणि जावाच्या मूळ मॉड्यूलचे क्लास चालतील, बाकी सगळे नाहीत, असा नमुना लिहायचा. त्यात एखादा लागणारा क्लास राहून गेला की ‘फिल्टर स्टेटस रिजेक्टेड’ येतं. तोही नकारच, पण सॉकेट परमिशनशी त्याचा संबंध नाही.

सगळी परवानगी देऊन टाकली तर?

ऑल-परमिशन ही एक ओळ टाकली की एरर जाते, आणि तिच्याबरोबर चौकीदारही. मग मॅनेजर चालू ठेवून त्याचा फक्त वेग खाण्याचा तोटाच सोसायचा. तात्पुरत्या तपासणीसाठी पाच मिनिटं द्या: एरर गेली तर अडथळा पॉलिसीचाच होता हे कळतं. मग ती ओळ काढा.

नेमकेपणाने करायचं तर काट्याशी बोलणारा कोड वेगळ्या छोट्या जारमध्ये ठेवा, कनेक्टची परवानगी त्या जारलाच द्या, आणि कॉल डू-प्रिव्हिलेज्डमध्ये गुंडाळा. हे म्हणजे साखळीतल्या मागच्यांना न विचारता माझ्या जबाबदारीवर जाऊ दे, असं सांगणं. अट एकच: होस्टचं नाव किंवा पोर्ट बाहेरून आर्ग्युमेंट म्हणून घेऊ नका. घेतलात, तर ज्याला हक्क नाही असा कुठलाही सर्व्हलेट तुमच्या जारच्या खांद्यावर बसून हवं तिथे जाईल.

पुढे हे सगळं राहणार नाही

जावा १७ ने, २०२१ मध्ये, सिक्युरिटी मॅनेजरला निरोपाची नोटीस दिली. जावा १८ पासून चालू प्रोग्राममधून तो बसवायला गेलं तर अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन येतं, खास ‘अलाउ’ म्हटल्याशिवाय. २०२५ च्या जावा २४ मध्ये तो कायमचा बंद झाला, कमांड लाइनवर मागितला तर जावा सुरूच होत नाही. टॉमकॅट ११ ने त्याचा आधार काढून टाकला. जावा ८ वर चालणाऱ्या जुन्या सिस्टिमला वरची पॉलिसी लागूच राहील, पण नवीन जावावर गेल्यावर ॲक्सेस डिनाइड दिसेनासं झालं तर खूश होऊ नका. परवानगी मिळालेली नाही, विचारणारा उरला नाही.

त्याची जागा आता ऑपरेटिंग सिस्टिमने घ्यायची. टॉमकॅट स्वतःच्या वेगळ्या युजरखाली चालवा. फायरवॉलमध्ये त्या युजरच्या बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला फक्त १९२.१६८.१.२० वरचे दोन पोर्ट मोकळे ठेवा. लिनक्सच्या आयपी-टेबल्समध्ये ओनर हे मॉड्यूल युजरप्रमाणे नियम लावू देतं. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिसेस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या) सर्व्हिस फाइलमध्ये आयपी-ॲड्रेस-डिनाय ‘एनी’ आणि आयपी-ॲड्रेस-अलाउमध्ये काट्याचा पत्ता व लोकलहोस्ट, असंही करता येतं. यात पोर्ट सांगता येत नाही, आणि हा नियम येणाऱ्या कनेक्शनलाही लागतो. टॉमकॅटच्या पुढे त्याच मशीनवर एनजिनएक्स (बाहेरच्यांना सामोरा जाऊन मागणी आत पोचवणारा वेब सर्व्हर) असेल तर लोकलहोस्ट पुरतो. नसेल तर स्वतःच्याच शेतकऱ्यांना बाहेर ठेवाल. शिवाय ही चौकी प्रोसेसकडे बघते, जारकडे नाही, म्हणून एकाच टॉमकॅटवर दहा ॲप्लिकेशन्स कोंबण्याची जुनी सवय सोडून ज्याला काट्याशी बोलायचं आहे त्याला वेगळा टॉमकॅट द्यावा.

बदल झाल्यावर नुसतं वजन येतं का एवढंच बघून उठू नका. टॉमकॅटच्या युजरखाली काट्याच्या मशीनवरच्या २२ नंबरच्या पोर्टवर, आणि मग बाहेरच्या एखाद्या साइटवर, मुद्दाम कनेक्शन जोडून बघा. दोन्हीकडून नकार आला पाहिजे. आणि तो कोणत्या शब्दांत आला ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी लॉगमध्ये तेच शब्द दिसले की नाही म्हणणारा कोण ते लगेच कळेल.